‘आता फक्त गोळी’

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा पहिला टप्पा साऱ्या घराला दिसतो. शस्त्रक्रिया होते, शिरेतून औषधे दिली जातात, केस गळतात, किरणोपचारासाठी आठवड्यामागून आठवडे रुग्णालयाच्या खेपा होतात. नातेवाईक भेटीस येतात, जावा-नणंदा पाळीपाळीने स्वयंपाक सांभाळतात. आठ-दहा महिन्यांनी हे सर्व आटोपते आणि डॉक्टर सांगतात, ‘‘आता फक्त गोळी.’’ रोज एक गोळी, पाच वर्षे. कित्येकदा सात किंवा दहा वर्षे. घरातल्यांच्या लेखी आजार येथे संपतो. रुग्ण स्त्रीच्या दृष्टीने मात्र उपचाराचा सर्वांत लांब आणि सर्वांत एकाकी भाग येथून सुरू होतो, कारण या काळातील त्रास बाहेरून दिसत नाही. केस पुन्हा आलेले असतात, चेहऱ्यावर तजेला असतो. आणि तरीही सकाळी उठून चहाचे आधण ठेवण्याइतके बळ अंगात नसते.

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर मागे टाकून गद्दिगेच्या रस्त्याने निघाले की बोगादी लागते. पूर्वीचे हे खेडे आता वसाहतींनी वेढले गेले आहे. अशा वसाहतीतील स्त्रीला कर्करोगाच्या उपचारासाठी शहरातल्याच हेब्बाळ भागातील भारत रुग्णालयात जाता येते, किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरील बंगळूरची किदवई संस्था गाठावी लागते. गोळी सुरू झाली की या खेपा तीन किंवा सहा महिन्यांतून एकदा होतात. मधले सारे दिवस घरचे.

या भागात राहणाऱ्या मराठी माणसाला एका शब्दाची मोठी गंमत वाटते. कानडीत थकव्याला ‘सुस्तु’ म्हणतात. ‘सुस्तु आगिदे’ असे एखादी बाई म्हणाली, की तिला दम नाही, ती गळून गेली आहे, असा त्याचा साधा अर्थ. त्यात कोणताही ठपका नाही. तोच शब्द मराठीत ‘सुस्त’ झाला, आणि सुस्त माणूस म्हणजे आळशी माणूस. शेजारीण कानडीत सहानुभूतीने जे बोलते ते मराठी घरात टोचून बोलल्यासारखे ऐकू येते. हा केवळ शब्दांचा योगायोग खरा. पण कर्करोगानंतरचा थकवा आणि आळस यांत घरोघरी जी गल्लत होते, तिचे याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

गोळी नेमके काय करते हे समजून घेतल्याशिवाय त्रासाचे स्वरूप कळत नाही. स्त्रीच्या शरीरातील ईस्ट्रोजेन या संप्रेरकाला आपल्या परिभाषाकारांनी ‘स्त्रीमदजन’ असे नाव दिले आहे. स्तनाच्या अनेक अर्बुदांतील पेशींमध्ये या संप्रेरकाला पकडून ठेवणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ईस्ट्रोजेन ग्राहीला जाऊन चिकटले की पेशीला वाढीचा आदेश मिळतो. अशा अर्बुदांना संप्रेरक-ग्राही असलेली अर्बुदे म्हणतात, आणि गोळीचा उपयोग केवळ त्यांच्याच बाबतीत होतो.

या संबंधाचा सुगावा ग्राहींचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधी लागला होता. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रीचे बीजकोश काढून टाकले आणि तिचे अर्बुद ओसरल्याचे १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी उंदरांवरील प्रयोगांतून संप्रेरके, विषाणू आणि स्तनाचा कर्करोग यांच्या परस्परसंबंधांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुण्यात जन्मलेल्या या संशोधिकेस १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. टॅमॉक्सिफेन या औषधाचा जन्म मात्र भलत्याच हेतूने झाला. इंग्लंडमधील एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये ते संश्लेषित केले, तेव्हा शोध चालला होता संततिनियमनाच्या गोळीचा. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. उलट स्त्रियांत ते बीजविमोचनास चालना देते असे दिसून आले. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयातून स्तनाच्या कर्करोगावरील त्याच्या पहिल्या चाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्यास परवानगी मिळाली.

टॅमॉक्सिफेन ग्राहीवर स्वतः जाऊन बसते, त्यामुळे ईस्ट्रोजेनला जागा उरत नाही. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे निराळ्या तऱ्हेने काम करतात. पाळी गेल्यानंतर बीजकोश थांबतात; तरीही मेद, स्नायू इत्यादींत अरोमॅटेज नावाच्या विकराच्या साहाय्याने थोडे ईस्ट्रोजेन बनत राहते. ही औषधे त्या विकरालाच अडवतात. म्हणून ती मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांना देतात. तरुण स्त्रीला द्यायची झाल्यास बीजकोशांचे कार्य इंजेक्शनाने थांबवावे लागते. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. त्यामुळे आपल्याकडे ही गोळी चाळिशीतील, मुले अजून शाळेत असलेल्या स्त्रियांच्या वाट्यालाही मोठ्या प्रमाणात येते.

या गोळीचे मोल किती? जगभरच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ग्राही असलेल्या रोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांत त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. गोळी थांबल्यानंतरही तिचा लाभ वर्षानुवर्षे टिकतो, ही त्यातील विशेष गोष्ट. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. उत्तर कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या असता असे दिसले, की संप्रेरक-उपचार ठरलेल्या मुदतीपर्यंत आणि ठरल्याप्रमाणे घेणाऱ्या स्त्रिया केवळ ४९ टक्के होत्या. ही पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध उपलब्ध होते, डॉक्टर होते; तरी निम्म्या स्त्रियांकडून ते पूर्णपणे घेतले गेले नाही. याची कारणे अनेक असतात, पण त्यांत दुष्परिणामांचा वाटा मोठा आहे. गोळी सोडणारी स्त्री बहुधा कोणाला सांगत नाही. आधी एक दिवस विसरते, मग आठवडाभर. आणि पुढच्या तपासणीच्या वेळी ‘‘घेतेस ना?’’ या प्रश्नाला मान हलवते. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असतील तर आजाराचा उच्चारच वर्ज्य असतो. मग थकव्याचा कोठून होणार?

कर्करोगाशी निगडित थकवा हा दिवसभराच्या कामाने येणाऱ्या शिणवट्यासारखा नसतो. शिणवटा झोपेने जातो. हा जात नाही. केलेल्या कामाशी त्याचे प्रमाण जुळत नाही. पोळ्या लाटता लाटता हात थांबतो, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, बोलताना ओळखीचा शब्द सापडत नाही. तो एकट्या गोळीमुळे येतो असेही नाही. आधीच्या उपचारांचा अवशेष, रात्री अंगातून वाफा निघाल्याने मोडणारी झोप, सांधेदुखी, मनातील धास्ती, महिनोन्‌महिने हालचाल नसल्याने गळलेले स्नायू, असे अनेक ओहोळ त्यात मिळतात. गोष्ट अडचणीची आहे, तशी आशेचीही; कारण यांतील प्रत्येक ओहोळ थोडाफार अडवता येतो.

पहिले काम तपासणीचे. ‘‘कर्करोग झाला, मग थकवा यायचाच,’’ असे म्हणून जे सोडून दिले जाते, त्यात पुष्कळदा सहज दुरुस्त होणारे कारण दडलेले असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. कर्करोग होण्यापूर्वीच जी स्त्री रक्तक्षयी होती, तिचा सारा थकवा गोळीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. म्हणून हिमोग्लोबिन, कंठातील अवटू ग्रंथीचे कार्य, रक्तशर्करा, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वे पाहून घ्यावीत. नैराश्य आहे का, हेही विचारले गेले पाहिजे. रुग्णालयांत थकवा मोजण्याची एक साधी पट्टी वापरतात : थकवा अजिबात नसल्यास शून्य, कल्पनेतील सर्वांत वाईट असल्यास दहा. चार किंवा त्याहून वरच्या आकड्याची दखल घेतली जावी आणि सातपासून पुढे तो तीव्र समजावा, असा संकेत आहे. रोज रात्री कॅलेंडरवरच्या चौकोनात हा एक आकडा लिहून ठेवला, तर तीन महिन्यांनी डॉक्टरांपुढे ‘‘बरं वाटत नाही’’ या वाक्याऐवजी एक पुरावा ठेवता येतो. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत मिळणाऱ्या चार मिनिटांत त्याचा फार उपयोग होतो.

दुसरी गोष्ट वरवर विपरीत वाटेल. या थकव्यावर विश्रांती हा मुख्य उपाय नव्हे. हालचाल हा आहे. ११३ अभ्यास आणि ११,५२५ रुग्ण यांचा आढावा घेणारे एक विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगाचा थकवा कमी करण्यात व्यायाम आणि मानसोपचार हे औषधी गोळ्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. कारण समजण्याजोगे आहे. पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायूंना तेच काम अधिक जड जाते, आणि मग माणूस अधिकच पडून राहतो. हे चक्र कोठेतरी उलटे फिरवावे लागते. मात्र सुरुवात लहान हवी. १८६४ मध्ये मुम्मडि कृष्णराज वोडेयर यांनी बांधविलेला कुक्करहळ्ळी तलाव बोगादीहून फार दूर नाही. त्याच्या काठची झाडीतली पायवाट सकाळी फिरणाऱ्यांनी गजबजलेली असते. पहिल्याच दिवशी तलावाची पूर्ण फेरी मारण्याचा संकल्प करणारी स्त्री दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळते आणि ‘‘व्यायाम मला मानवत नाही’’ असे ठरवून टाकते. दहा मिनिटे जावे, परत यावे. दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत. वाईट दिवशीही निदान गल्लीच्या टोकापर्यंत जावे, आणि चांगल्या दिवशी राहिलेली सारी कामे उरकण्याचा मोह टाळावा. हा दुसरा नियम गृहिणींना पहिल्यापेक्षा कठीण जातो असे दिसते.

योगासनांविषयी म्हैसुरात वेगळे सांगण्याची गरज नाही. कृष्णमाचार्यांनी येथल्या जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळेत शिकवले आणि पट्टाभि जोइस यांच्याकडे जगभरचे विद्यार्थी येत. पण त्या परंपरेतील वेगवान, घाम काढणारी आसनमालिका या रुग्णांसाठी नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडले. तीत वापरलेला योग सौम्य होता : हलकी आसने, त्यांच्यामध्ये वारंवार विसावा, आणि प्राणायाम. थकवा व वेदना कमी होऊन जीवनमान सुधारल्याचे त्या चाचणीत नोंदले गेले.

लेट्रोझोलसारख्या औषधांचा सर्वांत त्रासदायक परिणाम सांध्यांवर होतो. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, जमिनीवरून उठताना गुडघे साथ देत नाहीत. पाटावर बसून भाजी चिरणाऱ्या बाईला वाटते, की आपण एका वर्षात वीस वर्षांनी म्हाताऱ्या झालो. येथेही चालणे आणि वजन उचलण्याचे हलके व्यायाम उपयोगी पडतात. अमेरिकेतील १२१ स्त्रियांच्या एका चाचणीत (२०१५) वर्षभर आठवड्यातून दोनदा असे व्यायाम आणि दीडशे मिनिटे चालणे यांमुळे सांधेदुखीची तीव्रता सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाली. एक औषध सोसत नसेल तर त्याच गटातील दुसरे सोसू शकते, हे फार थोड्या स्त्रियांना ठाऊक असते. सांधेदुखीमुळे अ‍ॅनास्ट्रोझोल सोडलेल्या स्त्रियांना फ्रान्समध्ये लेट्रोझोल दिले गेले, तेव्हा त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के स्त्रिया सहा महिन्यांनंतरही ते घेत होत्या.

याच औषधांनी हाडे विरळ होतात. त्यासाठी हाडांच्या घनतेची तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची तजवीज आरंभीच करतात. म्हैसूरच्या बाजूस रागी, म्हणजे आपली नाचणी, हे रोजचे अन्न आहे आणि तिच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्यातील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमचे शोषण कमी करते; धान्य भिजवून मोड आणल्यास ही अडचण बरीच दूर होते. मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आपल्या आजींना फायटेट माहीत नव्हते, एवढेच. अर्थात नाचणी कितीही खाल्ली तरी तपासणी टाळता येत नाही.

टॅमॉक्सिफेनचा त्रास निराळ्या जातीचा. अंगाची एकाएकी लाही होणे, घामाने उशी भिजणे, पांढरे जाणे, पाळीत अनियमितता. अंगाची लाही कमी करण्यास काही औषधे आहेत. व्हेन्लाफॅक्सिन हे त्यांतील एक. पण येथे एक सावधगिरी हवी. टॅमॉक्सिफेनचे यकृतात एंडॉक्सिफेन या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन व फ्लुओक्सेटिन ही औषधे या रूपांतरात अडथळा आणतात. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास ही गोळी चालू असल्याचे सांगितलेच पाहिजे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांनाही हाच नियम लागू. हळदीतील कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेने रक्तातील एंडॉक्सिफेन घटल्याचे नेदरलँड्समधील एका लहान अभ्यासात २०१९ मध्ये आढळले. वरणातली चिमूटभर हळद याला जबाबदार नाही; कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र टाळाव्यात.

तीन लक्षणे तपासणीच्या तारखेपर्यंत थांबत नाहीत. एका पायाची पोटरी सुजून दुखणे. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. आणि पाळी गेलेल्या स्त्रीस पुन्हा रक्तस्राव होणे. पहिल्या दोहोंचा अर्थ शिरेत रक्ताची गुठळी असा असू शकतो, तिसऱ्याचा गर्भाशयाच्या अस्तरातील बदल असा. हे धोके विरळ आहेत, पण त्या दिवशीच रुग्णालय गाठावे.

योनीचा कोरडेपणा आणि शरीरसंबंधातील वेदना यांविषयी आपल्याकडे डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. पती सोबत असतो, कधी मुलगा; बोलायचे कसे? संप्रेरकरहित मलमे यावर उपलब्ध आहेत. परिचारिकेस एकांतात विचारले तरी पुरते. हे दुःख मुकाट्याने सोसण्याला आपण सोशिकपणा म्हणत आलो आहोत. माझ्या मते ती निव्वळ गैरसोय आहे, आणि तिच्यापायी गोळ्या बंद पडतात.

एका जर्मन अभ्यासात (२०१६) असे दिसले, की गोळी सुरू करण्यापूर्वीच मोठ्या त्रासाची अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रियांना पुढे दुष्परिणामही जवळजवळ दुप्पट जाणवले. याचा अर्थ त्रास काल्पनिक असतो असा कोणी काढू नये; दुखणारे बोट खरेच दुखते. अर्थ एवढाच, की आरंभीच नीट समजावून सांगणे हाही औषधाचा भाग आहे. ‘‘काही होत नाही, घ्या’’ हे समजावणे नव्हे, आणि शेजारणीने सांगितलेली भयकथा हेही नव्हे.

एवढे सर्व करूनही गोळी सोसत नसेल तर? तेव्हाही मार्ग उरतात. ते डॉक्टरांच्या संमतीने चालायचे असतात. औषध बदलता येते. ज्यांचा रोग नलिकेबाहेर पसरलेलाच नव्हता अशा स्त्रियांत टॅमॉक्सिफेनची नेहमीची २० मिलिग्रॅमऐवजी केवळ ५ मिलिग्रॅमची मात्रा तीन वर्षे देऊन पाहिली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या इटालियन चाचणीत रोग परतण्याचे प्रमाण गोळीचा केवळ आभास घेणाऱ्या गटाच्या मानाने निम्म्यावर आले. आक्रमक रोगासाठी मात्र हा पुरावा नव्हे. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांसाठी २०२३ मध्ये एक दिलासा मिळाला : दीड ते अडीच वर्षे उपचार घेऊन नंतर गर्भधारणेसाठी दोन वर्षांपर्यंत गोळी थांबविणाऱ्या ५१६ स्त्रियांत, अल्पावधीत तरी, रोग परतण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. गोळी चालू असताना मात्र गर्भ राहू देता कामा नये.

काही वेळा त्रास गोळीचाच आहे का, हे पडताळण्यासाठी डॉक्टर ती काही आठवडे थांबवतात. टॅमॉक्सिफेन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यासच सुमारे आठवडा लागतो आणि एंडॉक्सिफेनला त्याहून अधिक. त्यामुळे चार दिवस गोळी न घेता ‘‘काहीच फरक नाही’’ किंवा ‘‘लगेच बरे वाटले’’ असे म्हणण्यात अर्थ नाही. विराम कोणत्या तारखेस सुरू झाला आणि कोणत्या तारखेस संपवायचा, हे दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवावे, आणि रात्रीचा तो शून्य ते दहामधला आकडा त्या आठवड्यांतही चुकवू नये.